निरगुडी लावायची? मग एवढं कानात ठेव

त्र्यंबकला बिऱ्हाड थाटलंस, मागे परसात मोकळी जागा आहे, आणि तिथं वासाचं, टिकाऊ, इथल्याच मातीतलं झाड हवंय, असं तू विचारलंस. माझं उत्तर एकच, निरगुडी. ब्रह्मगिरीच्या पायथ्याचे ओढे, भातखाचरांचे बांध, गावाबाहेरच्या वाटा, सगळीकडे ती आपली आपण वाढते. उन्हाळ्यात तगते, पावसाळ्यात झोडपली तरी उभी राहते. म्हणूनच माणसं समजतात की तिला काही लागत नाही. लागतं गं. लाड नकोत, पण लक्ष हवं. रानातलं झाड परसात आलं की त्याला घराची शिस्त लावावी लागते, आणि ती शिस्त म्हणजे तुझ्या चार बारीक सवयी. त्या सांगते.

ओळख आणि रोप

१. आधी पान उलटून बघ, मग झाडावर विश्वास ठेव — एका देठाला तीन किंवा पाच पानं, मधलं सगळ्यांत लांब, वरून हिरवं, खालून पांढुरकं आणि चुरगळल्यावर कडसर उग्र वास, ही निरगुडीची खूण. पान उलटेल त्यालाच झाड कळेल.

२. घाणेरीच्या फुलांवर भाळू नकोस, वास तिलाही उग्रच असतो — पण तिचं पान एकेकटं आणि खरखरीत, खोड बोचरं. ती अमेरिकेतून आलेली, गुरांना विषारी, आणि एकदा शिरली की परस तिचंच होतं.

३. ओळख पक्की करायची तर फूल येईपर्यंत थांब — निळसर-जांभळ्या बारीक फुलांचे तुरे फांदीच्या टोकाला आले, की शंकेला जागाच उरत नाही.

४. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला जाशील, तेव्हा वाटेवरची निरगुडी डोळ्यांनी बघ, हातांनी नको — त्या दिवशी केवढी माणसं चालतात. प्रत्येकाने एकेक फांदी मोडली तर डोंगराच्या अंगावर काय राहील?

५. अंजनेरीच्या पठारावरून तर काहीच उपटून आणू नकोस, कितीही गोजिरं दिसलं तरी — तिथं कंदीलपुष्पाची अशी एक जात आहे की तिला शास्त्रज्ञांनी अंजनेरीचंच नाव दिलंय. अशी झाडं परसात जगत नाहीत आणि डोंगरावरूनही जातात.

६. लावायला फांद्या हव्यात तर बांध राखणाऱ्या शेतकऱ्याकडे माग, आणि विचारूनच तोड — पेरणीआधी त्याला बांध छाटायचाच असतो, त्यामुळे तुझी गरज भागते आणि त्याचं काम हलकं होतं.

७. नर्सरीतून रोप घेणार असशील तर सगळ्यांत उंच रोप उचलू नकोस, बुंध्याशी जाड असेल ते घे — पिशवीत ताटकळून लांब झालेल्या रोपाची मुळं आत गोल फिरलेली असतात, आणि जमिनीत गेल्यावरही ती गोलच फिरत राहतात.

जागा निवडताना

८. ऊन मोज, निदान सहा तास पडेल तीच जागा धर — सावलीत निरगुडी जगते, पण उंच, किडकिडीत आणि बिनफुलांची होते.

९. जोराचा पाऊस थांबला की तासाभराने परसात एक फेरी मार आणि डबकं कुठे उरलंय ते मनात टिपून ठेव — तिथं निरगुडी लावायची नाही. पडत्या पावसात घर दिसतं, थांबल्या पावसात जागा दिसते.

१०. ओढ्याकाठी वाढते म्हणजे चिखल आवडतो, असं धरू नकोस — ओढ्याचं पाणी वाहतं असतं, परसातलं साचतं. साचल्या पाण्यात मुळं गुदमरतात.

११. नाशिकच्या मैत्रिणीने सांगितलं म्हणून खोलगट आळं करू नकोस — अंतर अठ्ठावीस किलोमीटरचं असलं तरी आपल्याकडे पाऊस तिच्या दुपटी-तिपटीने पडतो. तिला पाणी धरायचं असतं, तुला सोडायचं. खड्डा नाशिकचा आणि पाऊस त्र्यंबकचा, हे गणित जमत नाही.

१२. परस उताराचं असेल तर खालच्या कडेला आडवी रांग लाव — निरगुडीची मुळं माती घट्ट धरतात; तुझ्या परसातली चांगली माती वाहून अहिल्या नदीत नाही तर गोदेत जायची, ती तिथंच अडेल.

१३. घराच्या भिंतीपासून निदान पाच फूट लांब राहा, आणि घर जुन्या दगडी पायाचं असेल तर आणखी थोडं — झाड भिंतीला टेकलं की पावसाळाभर भिंत वाळत नाही, ओल घरात येते.

१४. गटार, शोषखड्डा आणि पाण्याची पाइपलाइन कुठून जाते ते घरमालकाला आधी विचार — मुळं पाण्याच्या दिशेने जातात, आणि नंतरची खोदाई झाडालाही महाग पडते आणि तुलाही.

१५. शेजाऱ्याच्या हद्दीला चिकटून लावायचं असेल तर लावण्याआधी त्याच्याशी दोन शब्द बोल — मोकळं सोडलं तर हे झाड दहा-पंधरा फूट उंच जातं आणि मुळांवरून नवे धुमारेही फुटतात. आज विचारलंस तर उद्या वाद नाही.

१६. कपडे वाळत घालायच्या दोरीपासून आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून थोडं दूर ठेव — फुलोऱ्यावर मधमाश्या दिवसभर असतात. त्यांच्या वाटेत आपण नसलो तर त्या आपल्या वाटेला जात नाहीत.

१७. जमीन नसेल तर कुंडीतही लाव, पण चौदा-पंधरा इंचांहून लहान नको आणि तळाची भोकं मोठी हवीत — लहान कुंडीत मुळं वर्षभरात भरून जातात आणि मग उन्हाळ्यात रोज दोनदा पाणी मागतात.

लावताना

१८. मृगाचा पहिला शिडकावा पडला की कुदळ घेऊन धावू नकोस, पाऊस लागून राहीपर्यंत थांब — पहिल्या सरीनंतर आठवडाभर कडक ऊन पडलं तर नुकतीच लावलेली फांदी जागच्या जागी सुकते. आर्द्राच्या आसपासची लावणी सहसा दगा देत नाही.

१९. फांदी ना कोवळी ना जून, पेन्सिलीएवढी जाड आणि वीतभर लांब घे — कोवळी कुजते, जून लवकर फुटत नाही, मधली दोन्हीतून सुटते.

२०. खालचा काप डोळ्याच्या जरा खाली तिरपा आणि वरचा सरळ घे — मूळ डोळ्यापाशी लवकर धरतं, आणि जुडीतली फांदी उलटी लावली जात नाही. उलटी लावलेली फांदी तुझी कितीही लाडकी असली तरी रुजत नाही.

२१. खालची सगळी पानं काढून टाक, वरची दोन-तीन ठेव आणि तीही अर्धी कापून घे — मूळ नसलेल्या फांदीला पुष्कळ पानं पोसवत नाहीत.

२२. फांदीचा दोन तृतीयांश भाग मातीत जाऊ दे आणि भोवतीची माती पायाने हलके दाब — आत हवेची पोकळी राहिली तर मूळ तिथं पोचून सुकतं.

२३. एक झाड हवं असेल तर तीन फांद्या लाव — सगळ्या रुजत नाहीत, आणि तिन्ही रुजल्याच तर द्यायला शेजारीपाजारी आहेतच.

२४. खड्डा हातभर खोल पुरे. निघालेल्या मुरमात माती आणि दोन ओंजळी कुजलेलं शेणखत मिसळून तेच परत भर — नुसती मऊ माती भरलीस तर मुळं तेवढ्यातच बसतात आणि बाहेरच्या मुरमात शिरायचं नाव काढत नाहीत.

२५. भरलेला खड्डा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटं उंच ठेव — माती दोन पावसांत खाली बसते, आणि बसल्यावर खळगा नको, सपाटी हवी.

२६. ताजं शेण मुळाशी घालू नकोस, कितीही फुकट मिळालं तरी — ते कुजताना तापतं, आणि हुमणी व वाळवी दोघींनाही बोलावतं.

२७. रुजलं का ते बघायला फांदी उपटू नकोस, हलवूही नकोस — सुरुवातीची पानं फांदीतल्या साठ्यावर फुटतात, मुळं मागाहून येतात. सारखं झाकण उघडणाऱ्याचा भात कच्चाच राहतो, तसं होतं ते.

२८. कुंपण करायचं असेल तर दीड-दोन फुटांवर, दोन ओळींत, आलटूनपालटून लाव — समोरासमोर लावलं तर मधे फटी राहतात, आणि कोंबड्यांना फट दाखवावी लागत नाही. २०२७ च्या सिंहस्थात घरावरून माणसांची रीघ लागली, तर असं दाट कुंपण धूळही बरीच अडवतं.

पाणी आणि खत

२९. पहिला उन्हाळा तेवढा सांभाळ. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी, भरपूर आणि सावकाश पाणी घाल — रोज तांब्याभर घातलं तर मुळं वरच राहतात. भुकेलं मूळ खोल जातं, लाडावलेलं दाराशी बसतं.

३०. दुसऱ्या उन्हाळ्यापासून हात आखडता घे — पानं दुपारी मलूल होऊन संध्याकाळी ताठ झाली तर काळजी नाही. सकाळीही मान खाली असेल तेव्हाच पाणी दे.

३१. पावसाळ्यात पाणी घालायचं नाही हे तुला माहीत आहे, पण पाणी काढायचं असतं हेही लक्षात ठेव — बुंध्यापासून एक बारीक चर उताराकडे काढून ठेव आणि दर मोठ्या पावसानंतर त्यातला पाला हाताने उपस.

३२. दिवाळीनंतर बुंध्याभोवती वाळक्या पाल्याचा किंवा भाताच्या पेंढ्याचा थर दे, पण खोडालगतची हातभर जागा मोकळी सोडून — ओल उन्हाळ्यापर्यंत टिकते. खोडाला चिकटलेला पेंढा मात्र साल कुजवतो.

३३. खत वर्षातून एकदा, पावसाआधी, घमेलंभर जुनं शेणखत, एवढंच — जास्त खाऊ घातलंस तर पानं मोठी आणि मऊ येतात, वास पातळ होतो आणि मावा आधी तिथंच बसतो.

३४. पानांवर बारीक फोड दिसले तर फवारणीचा पंप शोधू नकोस, तेवढी पानं तोडून जाळून टाक — डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्यांचं ते काम. वेळेवर खुडलं की पसरत नाही.

३५. फुलोऱ्यात असताना झाडावर आणि शेजारच्या भाजीवर विषारी फवारा मारू नकोस — तुझ्या निरगुडीवर येणारी सातेरी मधमाशीच तुझ्या भोपळ्याला आणि दोडक्याला फळ धरायला मदत करते.

छाटणी

३६. छाटणीला भिऊ नकोस, निरगुडी कापल्याने खुंटत नाही — कापल्या जागेखालून दोन-तीन नवे फोक फुटतात आणि झुडूप दाट होतं. कात्री फिरली तर कुंपण, विसरली तर रान.

३७. मोठी छाटणी निवृत्तिनाथांची पौषवारी आटोपली आणि थंडीचा कडाका उतरला की कर — लगेच पुढे नवी पालवी येते आणि झाडाच्या जखमा लवकर भरतात.

३८. हलकी छाटणी पावसाच्या तोंडाशी कर — झाडावरचं ओझं कमी झालेलं असतं म्हणून वादळी वाऱ्यात फांदी चिरत नाही, आणि लावणीला फांद्याही आयत्या मिळतात.

३९. भर पावसात मोठी फांदी कापू नकोस — ओल्या कापात बुरशी शिरते आणि खोड आतून पोकळ होत जातं.

४०. पहिल्या वर्षी शेंडा गुडघ्याएवढ्या उंचीवर खुड, जीव तुटला तरी खुड — नाहीतर एकच काठी वर जाते आणि कुंपण खालून उघडं राहतं.

४१. उंची आपल्या हाताला पोचेल एवढीच ठेव — शिडी लागली की छाटणी उद्यावर जाते. शिवाय उंच लवचीक फांद्यांवर माकडं झेपावली की त्या बुंध्यापासून चिरतात.

४२. कोयता किंवा कात्री, जे असेल ते आधी धार लावून घे — बोथट हत्याराने साल सोलली जाते, आणि सोललेली साल लवकर भरून येत नाही.

४३. बुंध्याभोवती हातभर जागा नेहमी झाडून मोकळी ठेव — पाल्याच्या ढिगात उंदीर घर करतात आणि उंदरामागे साप येतो. आठवड्याला पाच मिनिटांचा झाडू, एवढंच त्यावर औषध.

४४. मुळांवरून निघालेले धुमारे बोटभर असतानाच काढ — तेव्हा दोन बोटांनी निघतात, पुढच्या वर्षी कुदळ लागते.

४५. छाटलेले लांब, सरळ फोक फेकू नकोस — निरगुडीच्या फोकांच्या कणग्या आणि पाट्या विणल्या जात आल्या आहेत. तुला विणता येत नसेल तर वेलाच्या मांडवाला वापर, आणि विणणारं कुणी भेटलं तर त्यांना दे.

पाल्याचा उपयोग

४६. पाला सकाळी दव उतरल्यावर तोड आणि एका फांदीची सगळी पानं ओरबाडू नकोस — चार फांद्यांवरून थोडी थोडी घेतली तर झाडाला पत्ता लागत नाही.

४७. सावलीत वाळव, कडक उन्हात नको — उन्हात रंग आणि वास दोन्ही उडतात, आणि आपण झाड लावलं ते वासासाठीच ना?

४८. धान्यात ठेवायचा पाला कुरकुरीत वाळलेलाच हवा — तांदळाला सोंडे आणि कडधान्याला भुंगेरे लागू नयेत म्हणून तो घालतात. पण आपल्या दमट हवेत अर्धओला पाला घातलास तर बुरशीच लागेल. ओला पाला, धान्यावर घाला.

४९. पाला पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून मग डब्यात टाक — शिजवताना भातातून पानं वेचत बसावं लागत नाही, आणि दर चार महिन्यांनी बदलायलाही सोपं.

५०. डासांसाठी धूर करायचा तर वाळल्या पाल्याचा, अंगणात, वाऱ्याची दिशा बघून — बंद खोलीत धूर कोंडला तर डासांआधी घरातली म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं खोकू लागतात.

५१. गुडघा सुजला-दुखला तर पाला तव्यावर गरम करून कापडात बांध आणि आधी आपल्या मनगटावर टेकवून बघ — वयस्कर माणसाच्या कातडीला चटका लवकर बसतो आणि उशिरा कळतो.

५२. अंघोळीच्या पाण्यात पाला उकळायचा असेल तर मूठभर पुरे, आणि पाणी गाळून घे — थकल्या अंगाला आणि बाळंतिणीला हे पाणी घालायची रीत जुनी आहे. पण अंगाला खाज सुटली तर रीत बाजूला ठेव.

५३. काढा करून पोटात घ्यायचा तर वैद्यांना विचारल्याशिवाय नाही; गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बाया आणि लहान मुलं यांना तर मुळीच नाही — वरून लावणं वेगळं, पोटात घेणं वेगळं. झाड ओळखीचं झालं म्हणून औषध ओळखीचं होत नाही.

५४. शेजारी कुणी पिकावरच्या किडीसाठी दशपर्णी अर्क करत असेल तर छाटणीचा पाला त्यांच्याकडे पोचव — कडुनिंब, करंज, सीताफळ, रुई यांच्या जोडीला त्यात निरगुडीही लागते. तुझा पसारा आवरतो आणि त्यांची पायपीट वाचते.

आणि शेवटचं

५५. आठवड्यातून एक वार झाडाचा म्हणून ठरव आणि त्या दिवशी फक्त बघ: बुंधा, चर, शेंडे, पानांची खालची बाजू — मोठं संकट एका रात्रीत येत नाही, ते महिनाभर आधीपासून खुणा करत असतं.

५६. दर पावसाळ्यात दोन फांद्या पिशवीत लावून ठेव, गरज नसली तरी — रस्ता रुंद झाला, गटार खोदलं, घर बदललं, तरी तुझी निरगुडी तुझ्याबरोबर येते.

५७. कुणी फांदी मागितली तर नुसती देऊ नकोस, सोबत तीन गोष्टी सांग: पाणी साचू देऊ नका, वर्षातून दोनदा छाटा, पोटात घेण्याआधी वैद्यांना विचारा — फांदी कुणीही देतं, पण ती रुजते ती सांगितलेल्या सवयींवर. बाकी काही अडलं तर मला विचार, दहा वेळा विचार; विचारण्याने आजवर कुणाचं झाड मेलेलं नाही.